वाचकांची प्रश्नोत्तरे : ब्राउझरचे आकडे आणि पानांचा वेग

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ब्राउझर आणि वेबपानांचा वेग या विषयाभोवतीच फिरणारी असल्यामुळे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून एक लहानसे वाङ्मयीन संकेतस्थळ चालवतो. कोणता ब्राउझर किती लोक वापरतात याचे जे आकडे प्रसिद्ध होतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत आणि आमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे आकडे तर त्या सर्वांहून निराळे दिसतात. यांतले खरे कोणते मानायचे?

उत्तर : सगळेच खरे असू शकतात, कारण प्रत्येक ठिकाणी मोजलेली गोष्ट वेगळी असते. ब्राउझरचा वाटा असे आपण म्हणतो तेव्हा तो नेमका कशातला वाटा, हे आधी विचारायला हवे. स्टॅटकाउंटर या आकडेवारी गोळा करणाऱ्या सेवेचा मोजणी करणारा कोड दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसवलेला आहे आणि त्या संकेतस्थळांवरची किती पाने कोणत्या ब्राउझरमध्ये उघडली गेली, हे त्यातून मोजले जाते. म्हणजे दिवसभरात शंभर पाने उघडणारा एकच माणूस तिथे शंभर वेळा मोजला जातो. नेटमार्केटशेअर हे २०२० साली बंद झालेले सर्वेक्षण पानांऐवजी वेगवेगळ्या अभ्यागतांची मोजदाद करत असे आणि प्रत्येक देशात इंटरनेट वापरणारे किती आहेत हे पाहून आकड्यांना त्या प्रमाणात वजन देत असे. याचा परिणाम किती मोठा असतो ते एका उदाहरणावरून कळेल : क्रोमने इंटरनेट एक्सप्लोररला मागे टाकले ही घटना स्टॅटकाउंटरच्या हिशेबात २०१२ च्या मे महिन्यात घडली, तर नेटमार्केटशेअरच्या हिशेबात ती घडायला २०१६ साल उजाडले. चार वर्षांचा हा फरक चुकीच्या मोजणीतून आलेला नाही, तो मोजण्याच्या व्याख्येतून आलेला आहे.

दुसरी अडचण ओळखीची आहे. प्रत्येक ब्राउझर पान मागताना सर्व्हरला आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो आणि बहुतेक मोजण्या याच ओळीवर विसंबून असतात. पण ही ओळ प्रामाणिक राहिलेली नाही. नेटस्केपच्या काळात काही संकेतस्थळे आपली चांगली पाने फक्त त्याच ब्राउझरला देत असत. त्याचे टोपणनाव मोझिला होते, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररनेही स्वतःला मोझिला म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि पुढे आलेल्या प्रत्येकाने आधीच्यांची नावे आपल्या ओळीत जोडत नेली. आज क्रोमची ही ओळ उघडून पाहिलीत, तर तिच्यात मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको आणि सफारी ही सगळी नावे क्रोमच्या नावाबरोबर सुखाने नांदताना दिसतील. विवाल्डी या ब्राउझरने २०१९ च्या डिसेंबरपासून बहुतेक संकेतस्थळांना आपले नाव सांगणेच थांबवले, कारण अनोळखी नाव पाहून काही ठिकाणी त्याला दारातूनच परत पाठवले जात होते. तेव्हापासून त्याचे वापरकर्ते क्रोमच्या खात्यात जमा होतात. आयपॅडवरची सफारी त्याच वर्षीपासून मूळ मांडणीतच मॅकवरची सफारी असल्याचे सांगते, त्यामुळे टॅब्लेटची संख्या प्रत्यक्षाहून कमी आणि डेस्कटॉपची जास्त दिसते. नेटमार्केटशेअर बंद करतानाही त्याच्या चालकांनी एक कारण हेच दिले होते, की ब्राउझरांच्या ओळखपद्धतीत होऊ घातलेल्या बदलांमुळे उपकरण ओळखण्याचे त्यांचे तंत्र निकामी होणार होते.

मोठे प्रवाह मात्र या सगळ्या धुरळ्यातूनही स्पष्ट दिसतात. २००३ च्या सुमारास इंटरनेट एक्सप्लोररकडे सुमारे ९५ टक्के वाटा होता. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या फायरफॉक्सने पाच-सहा वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास मजल मारली आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या क्रोमने नंतर दोघांनाही मागे सारले. आज स्टॅटकाउंटरच्या हिशेबात सर्व उपकरणे मिळून क्रोमकडे सुमारे दोन तृतीयांश वाटा आहे. त्याखालोखाल सफारी, मग सुमारे पाच टक्क्यांच्या घरात एज, आणि फायरफॉक्स तीन टक्क्यांच्याही खाली उतरला आहे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मोबाइल आणि टॅब्लेट मिळून डेस्कटॉपच्या पुढे गेले. माझ्या मते आपल्यासारख्या संकेतस्थळाच्या दृष्टीने वरच्या सगळ्या आकड्यांत हाच बदल सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ब्राउझर कोणता यापेक्षा पान कोणत्या उपकरणावर उघडते यावर वाचकाचा अनुभव कितीतरी अधिक अवलंबून असतो.

आपल्या संकेतस्थळापुरते बोलायचे, तर निर्णय आपल्याच आकड्यांवर घ्या. मात्र त्यांतही कोण सुटते याचे भान ठेवा. मोजणीचा कोड अडवणारी विस्तारके (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) बसवलेले वाचक त्यात येत नाहीत, आणि ज्यांच्याकडे पान अर्धवट उतरूनच थांबले, तेही येत नाहीत, कारण मोजणीचा कोड बहुधा पानाच्या शेवटी चालतो. सर्व्हरच्या नोंदवहीत यांतले बरेच जण सापडतात. महिन्यातून एकदा ती नोंदवही आणि मोजणीचा तक्ता शेजारी ठेवून पाहा. दोहोंतली तफावत एखाद्या विशिष्ट ब्राउझरच्या किंवा जुन्या आवृत्तीच्या बाबतीतच मोठी असेल, तर तिथे काहीतरी मोडलेले आहे असे समजायला हरकत नाही. यंत्रमानवी भेटी, म्हणजे आपोआप पाने उघडत फिरणाऱ्या प्रोग्रामांच्या भेटी, मात्र आधी वगळाव्या लागतील, कारण नोंदवहीत त्यांचीच गर्दी जास्त असते.

प्रश्न : नावे निरनिराळी असली तरी बहुतेक ब्राउझर आतून एकच असतात, असे वाचले. हे खरे असेल तर निवड करण्यात अर्थ काय राहिला?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. पान रेखाटणारी आणि कोड चालवणारी जी मुख्य यंत्रणा ब्राउझरच्या पोटात असते तिला इंजिन म्हणतात, आणि आज मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली इंजिने तीनच आहेत : क्रोम, एज, ऑपेरा, विवाल्डी, ब्रेव्ह यांच्यातले ब्लिंक, सफारीतले वेबकिट, आणि फायरफॉक्समधले गेको. त्यांतही पहिल्या दोघांचे मूळ एकच आहे. केडीई या मुक्त प्रकल्पातील स्वयंसेवकांनी लिहिलेल्या केएचटीएमएलपासून ॲपलने २००१ मध्ये वेबकिट घडवायला घेतले आणि त्या वेबकिटपासून गूगलने २०१३ मध्ये ब्लिंक वेगळे केले. त्याच वर्षी ऑपेराने आपले प्रेस्टो हे स्वतंत्र इंजिन सोडून दिले आणि २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचे इंजिन बाजूला ठेवून एज हा ब्राउझर क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या प्रकल्पाच्या, पायावर नव्याने आणला. आयफोनवर तर अनेक वर्षे कोणत्याही नावाचा ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच असणे ॲपलच्या नियमाने बंधनकारक होते. २०२४ मध्ये युरोपीय संघातील कायद्यामुळे तेवढ्या प्रदेशापुरती इतर इंजिनांना मुभा मिळाली.

याची चिंता का करायची, असे काही जण विचारतात. एकच इंजिन असेल तर पाने बनवणाऱ्यांचे काम उलट सोपेच होईल, असा त्यांचा मुद्दा असतो. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली आणि सातवी २००६ साली, एवढे सांगितले तरी त्याचे उत्तर मिळावे. स्पर्धक उरला नाही तेव्हा पाच वर्षे प्रगती थांबली आणि त्या एका आवृत्तीच्या दोषांभोवती लिहिलेली पाने पुढे दहा वर्षे लोकांच्या मानगुटीवर बसून राहिली. पाने कशी दाखवायची याचे मानक, म्हणजे सर्वांसाठीचे नियम, कागदावर लिहिलेले असते, पण दोन स्वतंत्र इंजिनांनी ते वाचून एकसारखा परिणाम दाखवला तरच त्यात संदिग्धता नाही याची खात्री पटते. या दृष्टीने २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी इंटरॉप या उपक्रमात दरवर्षी ठरावीक वैशिष्ट्ये निवडून ती सर्व इंजिनांत सारखी चालतील अशी व्यवस्था करायला घेतली, ही मला गेल्या काही वर्षांतली सर्वांत आश्वासक घडामोड वाटते. निवडीचे म्हणाल, तर वेगात आज फारसा फरक उरलेला नाही. खासगीपणाची मूळ मांडणी, विस्तारकांवरची बंधने आणि स्वतंत्र इंजिन जिवंत ठेवण्याची आपली इच्छा यांवरून निवड करावी.

प्रश्न : आमच्या घरी १०० एमबीपीएसचे कनेक्शन आहे आणि चित्रपट विनाअडथळा दिसतात. तरीही काही पाने उघडायला तीन-चार सेकंद लागतात, ते का?

उत्तर : कारण चित्रपटाला रुंदी लागते आणि पानाला अंतर नडते. रस्ता कितीही रुंद केला तरी दोन गावांमधले अंतर कमी होत नाही, तसेच हे आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल, तर एका जाण्यायेण्यालाच किमान १०० मिलिसेकंद लागणार, आणि प्रत्यक्षातला मार्ग वळणावळणाचा असल्यामुळे त्याहूनही जास्त. आता पान उघडताना अशा किती फेऱ्या होतात ते पाहा. आधी नावावरून पत्ता शोधण्याची फेरी, मग सर्व्हरशी जोडणी करण्याची, मग ती जोडणी कूटबद्ध करण्याची, आणि त्यानंतर प्रत्यक्ष पान मागण्याची. नावाचा पत्ता जवळच्या सर्व्हरकडून लगेच मिळाला असे धरले, तरी पानाचे पहिले अक्षर हाती पडेपर्यंत ३०० मिलिसेकंद गेलेले असतात. वाटेत दुसऱ्या पत्त्यावर पाठवणी झाली, तर यांतल्या बऱ्याचशा फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात.

इथेही गोष्ट संपत नाही. नव्या जोडणीवर सर्व्हर एकदम सगळा मजकूर सोडत नाही. वाटेतले जाळे किती भार सोसते याचा अंदाज घेत तो पहिल्या खेपेला साधारण १४ केबी पाठवतो, पोच मिळाली की पुढच्या खेपेला दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. म्हणजे १४, २८ आणि ५६ अशा तीन खेपांत ९८ केबी पोहोचतात, मग आपले कनेक्शन १०० एमबीपीएसचे असो वा १००० चे. शिवाय उतरलेल्या मजकुरात आणखी दहा ठिकाणांहून काही मागवायचे असेल, तर त्या प्रत्येक नव्या ठिकाणासाठी जोडणीचा हा खटाटोप वेगळा. गूगलमधील अभियंता माइक बेल्शी यांनी २०१० मध्येच मोजून दाखवले होते, की एका मर्यादेनंतर बँडविड्थ वाढवल्याने पान उघडण्याचा वेळ जेमतेम कमी होतो, पण फेरीचा वेळ कमी केला की तो त्या प्रमाणात सतत कमी होत जातो. त्यानंतरच्या सुधारणांचा रोखही फेऱ्या वाचवण्याकडेच राहिला आहे : पाने मागवण्याच्या नियमसंचाची आवृत्ती असलेल्या २०१५ च्या एचटीटीपी/२ ने एकाच जोडणीवरून अनेक गोष्टी एकदम मागवण्याची सोय केली, २०१८ च्या टीएलएस १.३ या कूटबद्धीकरणाच्या नियमसंचाने त्यातली एक फेरी कमी केली, आणि २०२२ साली मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी/३ ने जोडणी व कूटबद्धीकरण या दोन पायऱ्या एकत्र आणल्या.

प्रश्न : ब्राउझर मंद झाला की कॅशे रिकामी करावी असा सल्ला सर्वत्र मिळतो. दर आठवड्याला असे करणे योग्य आहे का?

उत्तर : नाही. कॅशेमध्ये साठवलेले फॉन्ट, चित्रे आणि कोड पुन्हा मागवावे लागू नयेत म्हणूनच ती असते. ती रिकामी केल्यावर पुढची काही दिवसांची पाने उलट हळू उघडतील. एखादे पान मोडके दिसत असेल, तर तेवढ्या संकेतस्थळाचा साठा पुसावा. ब्राउझर खरोखरच मंद झाला असेल, तर आधी विस्तारके तपासा, कारण त्यांतली पुष्कळशी प्रत्येक पानावर आपला कोड चालवत असतात.

प्रश्न : मी एका शिक्षणसंस्थेचे संकेतस्थळ सांभाळते. लाइटहाउस या पानाचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या साधनाच्या चाचणीत आमच्या मुखपृष्ठाला ९६ गुण मिळतात. तरीही पान अडकते, बटण दाबल्यावर काही होत नाही, अशा तक्रारी विद्यार्थ्यांकडून सतत येतात. चाचणी चुकते आहे का?

उत्तर : चाचणी तिच्यापुरती बरोबर आहे, पण ती आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी नाही. लाइटहाउस एका ठरावीक जाळ्याची आणि ठरावीक फोनची नक्कल करून पान एकदा उघडते, उघडेपर्यंतचा काळ मोजते आणि थांबते. ती बटण दाबत नाही, मजकूर सरकवत नाही, अर्ज भरत नाही. विद्यार्थ्यांची तक्रार नेमकी तिथून पुढे सुरू होते.

वापरकर्त्याला जाणवणाऱ्या वेगासाठी गूगलने २०२० मध्ये तीन निकष मांडले, ते आता सर्वमान्य झाले आहेत. पानाचा सर्वांत मोठा दिसणारा भाग, म्हणजे बहुधा मुख्य चित्र किंवा मथळा, २.५ सेकंदांत दिसावा, हा एलसीपी. दाबणे किंवा टंकणे यांना मिळणारा दृश्य प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा. हा आयएनपी, जो २०२४ च्या मार्चमध्ये आधीच्या सौम्य निकषाच्या जागी आला. आणि वाचता वाचता मजकूर जागचा हलण्याचे माप, म्हणजे सीएलएस, ०.१ च्या पुढे जाऊ नये. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे निकष सरासरीवर पाहायचे नसून प्रत्यक्ष भेटींपैकी किमान तीन चतुर्थांश भेटींत पाळले जायला हवेत. सरासरीत चांगल्या फोनवाले वाचक वाईट फोनवाल्यांना झाकून टाकतात; इथे तसे होत नाही. तरीसुद्धा उरलेला एक चतुर्थांश भाग नजरेआड राहतोच, आणि गूगल स्वतः जी आकडेवारी प्रसिद्ध करते ती क्रोमच्या डेस्कटॉप आणि अँड्रॉइडवरील वापरकर्त्यांपुरतीच असते, आयफोनवरच्या भेटी तिच्यात नसतात, हेही ध्यानात असू द्या.

आता बटणाकडे येऊ. ब्राउझरमध्ये पानाचा कोड चालवणे, मांडणी करणे आणि स्पर्शाला उत्तर देणे ही कामे मुख्यतः एकाच धाग्यावर, एकामागून एक होतात. जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानाचा कोड ज्या भाषेत लिहितात तिचा, एखादा तुकडा तिथे ४०० मिलिसेकंद चालत राहिला, तर त्या काळात दाबलेले बटण रांगेत उभे राहते. म्हणूनच ५० मिलिसेकंदांपेक्षा लांबलेल्या कोणत्याही कामाला ब्राउझर ‘लांब काम’ म्हणून नोंदवतात. २०० केबीचे चित्र आणि २०० केबीची जावास्क्रिप्ट जाळ्यावर सारखीच असली तरी फोनवर सारखी नसतात. चित्र फक्त उलगडून दाखवायचे असते. जावास्क्रिप्ट मात्र वाचावी, जुळवावी आणि चालवावी लागते, आणि आपल्या कार्यालयातल्या संगणकावर जे काम क्षणात होते त्याला स्वस्त फोनच्या प्रोसेसरवर कितीतरी पट वेळ लागतो. आपल्या पानावर मोजणीचे दोन-तीन कोड, गप्पांची खिडकी, संमतीची पट्टी आणि समाजमाध्यमांची बटणे असतील, तर संशय आधी त्यांच्यावर घ्या. ती एकेक करून काढून पाहा. संस्थेतल्या कोणाला तरी प्रत्येक कोडचा जाब देता आला पाहिजे, आणि ज्याचा देता येत नाही तो काढून टाकला पाहिजे.

पाने एकूणच जड होत चालली आहेत, हे आकड्यांतही दिसते. संकेतस्थळांची मुखपृष्ठे नियमितपणे मोजणारा एचटीटीपी अर्काइव्ह हा प्रकल्प २०१० साली सुरू झाला तेव्हा डेस्कटॉपवरचे मध्यक पान, म्हणजे निम्मी पाने ज्याहून हलकी आणि निम्मी जड असतात ते, अर्ध्या एमबीच्या आसपास होते. २०२४ मध्ये ते अडीच एमबीच्या पुढे गेले. उपकरणे आणि जाळी सुधारल्यामुळे पुष्कळांना हा भार जाणवला नाही. ज्यांना जाणवला त्यांचे काय झाले, याचे उत्तर मला यूट्यूबच्या एका जुन्या प्रयोगात सापडते.

तिथले अभियंता ख्रिस झकारियस यांनी चित्रफितीचे १.२ एमबीपर्यंत फुगलेले पान कापत कापत ९८ केबीवर आणले, जे मागवायला अवघ्या १४ विनंत्या पुरत होत्या. हे हलके पान काही वापरकर्त्यांना देऊन आकडे तपासले, तेव्हा पान उघडण्याचा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढलेला निघाला. पान दहापटीहून हलके आणि वेळ मात्र जास्त, याचा अर्थ कोणालाच लागेना. आकडे प्रदेशवार मांडल्यावर उलगडा झाला : आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरियाचे दुर्गम भाग अशा ठिकाणांहून येणाऱ्या भेटी एकदम वाढल्या होत्या. तिथे हे हलके पान उघडायलाही सरासरी दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. म्हणजे जुने पान वीस मिनिटांहून अधिक वेळ घेत असणार. इतका वेळ कोणी थांबत नसल्यामुळे ही माणसे पूर्वीच्या मोजणीत आलीच नव्हती, आणि पान पहिल्यांदाच उघडू लागले तेव्हा त्यांनी दोन मिनिटे वाट पाहूनही चित्रफिती पाहिल्या.

आपल्याकडे तक्रार करणारे विद्यार्थी निदान तक्रार करण्याइतके तरी पानापर्यंत पोहोचले आहेत, एवढ्यासाठीच हे विस्ताराने सांगितले. पान हलके केल्यावर आपले आकडे पहिल्या महिन्यात बिघडले, तर घाबरून बदल मागे घेऊ नका. भेटींची संख्या वाढली आहे का आणि कोणत्या उपकरणांवरून वाढली आहे, ते पाहा. चाचणीसाठी चार-पाच वर्षे जुना, त्या वेळीही स्वस्तच असलेला एक फोन संस्थेत ठेवा आणि प्रत्येक बदल आधी त्याच्यावर, वायफाय बंद करून, बोटाने वापरून पाहा. आणि दोन साध्या गोष्टी लगेच तपासा. चित्र गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची सोय खालच्या चित्रांसाठी उत्तम आहे, पण पुष्कळ साचे ती वरच्या मुख्य चित्रालाही लावतात आणि एलसीपी विनाकारण लांबतो. तसेच प्रत्येक चित्राची रुंदी व उंची कोडमध्ये लिहिलेली असेल, तर ब्राउझर त्याची जागा आधीच राखून ठेवतो आणि बोट ठेवण्याच्या क्षणी बटण खाली सरकत नाही.

प्रश्न : लोकप्रिय जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सार्वजनिक सर्व्हरवरून जोडली, तर ती वाचकाकडे दुसऱ्या संकेतस्थळामुळे आधीच उतरलेली असते आणि पान लवकर उघडते, असे आम्हाला शिकवले होते. हे अजून खरे आहे का?

उत्तर : आता खरे नाही, आणि हा सल्ला अजूनही फिरतो आहे याचे वाईट वाटते. एका संकेतस्थळाने उतरवलेली गोष्ट दुसऱ्याला चटकन मिळते की नाही, हे वेळ मोजून कळू शकते आणि त्यावरून वाचक आधी कुठे जाऊन आला याचा माग काढता येतो. हे थांबवण्यासाठी ब्राउझरांनी कॅशेचे संकेतस्थळनिहाय कप्पे केले : सफारीने सर्वांत आधी, क्रोमने २०२० च्या ऑक्टोबरपासून आणि फायरफॉक्सने २०२१ च्या जानेवारीपासून. त्यामुळे तीच लायब्ररी शंभर संकेतस्थळांसाठी शंभर वेळा उतरते, आणि वर त्या परक्या सर्व्हरशी नवी जोडणी करण्याच्या फेऱ्या पडतात त्या वेगळ्याच. सुरक्षिततेचा प्रश्नही आहे. पॉलीफिल.आयओ या पत्त्यावरून एक लाखाहून अधिक संकेतस्थळे कोड जोडत होती. २०२४ च्या सुरुवातीला त्याची मालकी बदलली आणि जूनमध्ये तिथून घातक कोड पाठवला जात असल्याचे उघडकीस आले. लायब्ररी आपल्याच सर्व्हरवर ठेवा.

प्रश्न : जुन्या ब्राउझरांना आधार देणे कधी थांबवावे? एक टक्क्याच्या खाली वाटा गेला की सोडून द्यावे, असा नियम आमच्या गटात सुचवला गेला आहे.

उत्तर : टक्क्याचा नियम सोयीचा आहे, पण तो चुकीच्या माणसांना वगळतो. क्रोम २०२१ च्या सप्टेंबरपासून दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती आणतो आणि ती बहुतेकांकडे आपोआप बसते. मागे राहतात ते उपकरण साथ देत नाही म्हणून. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, ती २०२३ च्या जानेवारीत आली आणि त्या संगणकांपुरती तिथेच थांबली. आयफोनवर सफारीची आवृत्ती फोनच्या प्रणालीशी बांधलेली असल्यामुळे ज्या फोनला प्रणालीची नवी आवृत्ती मिळत नाही त्याचा ब्राउझरही जुनाच राहतो, आणि तिथे दुसरा ब्राउझर घेण्याचा उपायही लागू पडत नाही. म्हणजे जुन्या आवृत्तीवर दिसणारे हे एक टक्का लोक हटवादी नसतात. नवे उपकरण घेणे त्यांना शक्य नसते. इंटरनेट एक्सप्लोररची गोष्ट वेगळी होती, कारण त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर बसवता येत असे. मायक्रोसॉफ्टनेच १५ जून २०२२ रोजी त्याचा आधार थांबवल्यावर तो सोडून देणे रास्त होते.

मी सुचवेन तो मार्ग असा. कोणते वैशिष्ट्य वापरायचे हे ब्राउझरच्या नावावरून न ठरवता बेसलाइन या वर्गीकरणावरून ठरवा. एखादे वैशिष्ट्य क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सर्वांत येऊन तीस महिने झाले की तिथे त्याला व्यापकपणे उपलब्ध म्हटले जाते. त्याहून नव्या गोष्टी शोभेपुरत्या वापरा, म्हणजे त्या चालल्या नाहीत तरी काही अडणार नाही. जुन्यांसाठीचा भरपाईचा कोड सर्वांच्या माथी मारू नका, कारण नव्या ब्राउझरना त्याचा उपयोग शून्य आणि भार मात्र पूर्ण. तो गरज असेल तिथेच उतरेल अशी विभागणी करता येते. आणि पानाचा मूळ मजकूर, दुवे आणि अर्ज हे जावास्क्रिप्टवाचून चालतील असे पाहा. साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेला अर्ज दहा वर्षांपूर्वीच्या फोनवरूनही पाठवता येतो. त्यावर दुरुस्त्या सुचवण्याची, चुका लगेच दाखवण्याची आणि पान न बदलता पोच देण्याची सोय वरून चढवा. असे केल्यावर कोणत्या आवृत्तीला आधार द्यायचा, हा वाद गटात पुन्हा निघण्याचे फारसे कारण उरत नाही, कारण जुन्या ब्राउझरवाल्याला थोडे साधे पान मिळते, पण अर्ज त्याचाही पोहोचतो.